एकदाची मोठी होऊ दे

जून उजाडला की पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका दुकानात, रविवारच्या गर्दीत, एक बाई बाकड्यासमोर उकिडव्या बसून मुलीच्या पायात शाळेचे काळे बूट चढवत होत्या. मुलगी सहा-सात वर्षांची असेल. पाय ढिला सोडून ती वरच्या पंख्याकडे बघत बसली होती. टाच आत जावी म्हणून आपणही काही करायचं असतं, हे तिच्या गावीही नव्हतं. बूट चढला, लेस बांधली, मुलगी चार पावलं चालली, "टोचतंय" म्हणाली. लेस सोडली, दुसरा जोड आला. तिसऱ्या जोडाला त्या बाई कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या, "एकदाची मोठी होऊ दे गं बाई!" शेजारी नातवाला घेऊन बसलेल्या आजी लगेच म्हणाल्या, "असं म्हणू नये. हेच दिवस मग शोधत बसशील." बाई ओशाळून हसल्या आणि वाकून पुन्हा लेस बांधायला लागल्या.

त्यांचं ते ओशाळणं काही मनातून जाईना. आजींचं वाक्य आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं आणि ते लहान मुलांच्या आईबापांना कुठेही ऐकवलं जातं: लग्नात, लिफ्टमध्ये, डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत. म्हणणाऱ्याची झोप मात्र पूर्ण झालेली असते. ज्यांच्या घरी मूल रात्री दोनदा उठतं, सकाळी दूध नको म्हणतं, मग कपातलं अर्धं गणवेशावर सांडतं आणि व्हॅन खाली उभी असताना "शी आली" म्हणतं, त्यांनी मूल मोठं व्हायची वाट बघितली तर त्यात चोरटं वाटण्यासारखं काय आहे? मूल जेवढं आवडतं तेवढीच ही वाटही खरी असू शकते. माझी तक्रार आहे ती वाट बघण्याच्या पद्धतीबद्दल. आपण थांब्यावर उभं राहून पीएमपीची बस बघावी तशी मोठेपणाची वाट बघतो: आपण काही करायचं नाही, ती यायची तेव्हा येईल. उंचीच्या बाबतीत हे चालतं, दातांच्या बाबतीतही चालतं. लेस बांधणं मात्र असं आपोआप येत नाही, आणि त्या बाकड्यासमोर बाईंचे गुडघे दुखत होते ते लेसपायी.

बुटांचंच घ्या. "पुढच्या वर्षीही चालतील असे द्या" हे दुकानात सर्रास ऐकू येणारं वाक्य. दोन नंबर मोठा बूट घेतला की टाच आत वरखाली होते, मोज्याच्या मागे फोड येतो, आणि मूल पाय ओढत चालायला लागतं. बुटाची टोकं तीन महिन्यांत घासून जातात, म्हणजे पुढच्या वर्षीचा हिशोब तिथंच संपतो. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी, फार तर सव्वा. मोठ्या माणसाच्या अंगठ्याची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर भरते, त्यामुळे दुकानदार अंगठा दाबून "आहे, जागा आहे" म्हणतो तेव्हा अंगठाभर जागा जास्तच असते. माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. मूल उभं असताना, दोन्ही पायांचं घ्यावं, आणि जो पाय मोठा असेल त्याचा नंबर धरावा. घरी करायचं तर कागद भिंतीला टेकवून ठेवायचा, टाच भिंतीला लावून मुलाला त्यावर उभं करायचं आणि बोटापुढे पेन्सिलीची खूण करायची. शाळेचे मोजे घातलेले असावेत, दुकानातही. लहान मुलांचे नंबर वाढत वाढत तेरापर्यंत जातात आणि तिथून पुन्हा एकपासून सुरू होतात. हा बदल बहुतेक मुलांच्या बाबतीत सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमारास येतो. काल तेरा नंबरचा असलेला मुलगा आज एक नंबरचा होतो आणि वडील दुकानदाराकडे संशयानं बघतात.

लेस बांधणं साधारण पाच ते सात या वयात जमायला लागतं. त्याआधी जमत नाही ते बोटांमुळे. एका हातानं फास नुसता धरून ठेवायचा आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं लेस त्याच्याभोवती फिरवायची, अशी दोन वेगळी कामं एकदम करावी लागतात. शर्टाची बटणं ज्याची त्याला लावता यायला लागली की बोटं तयार झाली असं समजायला हरकत नाही. शिकवताना आपण हमखास मुलाच्या समोर बसतो. समोरून सगळं उलटं दिसतं. मूल आपला उजवा हात बघून स्वतःचा डावा हलवतं, आणि मग आपण "अरे, इकडून!" म्हणून ओरडतो. त्यापेक्षा मुलाला मांडीवर घ्यावं किंवा शेजारी बसावं, तोंड एकाच दिशेला. बूट पायात नको, मुलाच्या मांडीवर हवा, टाच त्याच्या पोटाकडे. दुसरी अडचण सुरुवात कुठून करायची याची. पहिल्या पायरीपासून सुरू केलं तर मूल साधी गाठ मारतं, फासापाशी अडतं आणि शेवट आपणच करतो. पूर्ण केल्याचं सुख त्याच्या वाट्याला येतच नाही. म्हणून शेपटाकडून सुरुवात करावी. सगळं आपण करायचं, दोन्ही फास तयार करून एक दुसऱ्याच्या खालून अर्धा बाहेर काढून ठेवायचा आणि शेवटचं ओढणं तेवढं मुलाकडे द्यायचं. ते हातात बसलं की फास खालून काढणंही त्याच्याकडे, मग दुसरा फास करणं, असं मागे मागे येत पहिल्या गाठीपर्यंत पोहोचायचं. एक पांढरी आणि एक काळी अशा दोन जुन्या लेस अर्ध्या अर्ध्या कापून, त्यांची टोकं एकमेकांना बांधून बुटात ओवल्या तर कुठली कुठून गेली ते दिसतं. चपटी सुती लेस घ्यावी. गोल नायलॉनची दिसायला छान, पण ती मुलाच्या बोटांतून आणि नंतर गाठीतूनही निसटते.

एवढं करूनही लेस दिवसातून चारदा सुटते आणि "घट्ट ओढ ना जरा" म्हणून मूल बोलणी खातं. दोष बहुतेक वेळा ओढण्यात नसतो. पहिली साधी गाठ मारताना डावी लेस उजवीवरून नेली असेल, तर सुरगाठीच्या वेळी उजवी डावीवरून जायला हवी. दोन्ही वेळा एकाच बाजूनं नेली की गाठ पिळवटते आणि चालताना प्रत्येक पावलाला थोडी थोडी सैल होत जाते. ओळखायची खूण सोपी आहे. बरोबर बांधलेल्या सुरगाठीचे दोन्ही फास बुटावर आडवे पडतात. चुकलेल्या गाठीचे फास एक बोटांकडे, एक घोट्याकडे असे उभे राहतात. सकाळी सारसबागेत फेऱ्या मारणाऱ्यांच्या पायांकडे बघावं, साठी उलटलेल्या कित्येकांच्या बुटांवर फास उभेच असतात आणि दर दोन फेऱ्यांनी कुणीतरी कठड्यावर पाय टेकवून लेस बांधत असतं.

शिकवायची वेळ मात्र सकाळी पावणेसातची नव्हे.

हे लिहायची गरज पडू नये, पण घरोघरी घडतं ते हेच. जी गोष्ट रविवारी दुपारी, हातात अर्धा तास असताना शिकवायची, ती आपण व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवत असताना शिकवायला काढतो. मूल सावकाश करतं, कारण नव्यानं काहीही करणारा माणूस सावकाशच करतो. आपण दोन मिनिटं बघतो, मग "दे इकडे" म्हणून बूट ओढून घेतो. अशा दोन-तीन सकाळींनंतर मूल पाय पुढे करून पंख्याकडे बघायला लागतं. ते आळशी झालेलं नसतं. हे काम आईचं आहे, असं त्याला आपणच सांगितलेलं असतं.

शरीराचं वाढणं त्या मानानं फारच समजूतदार. पहिल्या वर्षात साधारण पंचवीस सेंटिमीटर, दुसऱ्यात त्याच्या निम्मं, आणि चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत दर वर्षी पाच-सहा सेंटिमीटर. उंची मोजताना टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं हवं, नजर सरळ समोर, आणि डोक्यावर एक जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून त्याच्या खालच्या कडेला खूण. सकाळची उंची संध्याकाळपेक्षा जवळजवळ एक सेंटिमीटर जास्त भरते, म्हणून दर वेळी दिवसातली वेळ एकच ठेवावी. नाहीतर मार्चमध्ये सकाळी मोजलेलं मूल एप्रिलमध्ये संध्याकाळी खुजं झालेलं दिसतं आणि घरात उगाच काळजी सुरू होते. भाड्याच्या घरात खुणा भिंतीवर करू नयेत, सोडून जाताना त्या मागे राहतात. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागदाची लांब पट्टी चिकटवावी, ती सोबत येते. एका मोजणीवरून काही ठरत नसतं. डॉक्टर आलेखावर बघतात ती रेषेची चाल: मूल आपल्याच रेषेला धरून वर चाललं आहे ना, की रेषा आडवी होते आहे. पाच ते अठरा वयाच्या भारतीय मुलांसाठीचे बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे आलेख २०१५ साली नव्यानं आले, आणि त्या कामात पुण्याच्याच डॉ. वामन खाडिलकरांचा मोठा वाटा होता. शेजारच्या मुलाशी खांदा लावून उंची मोजणाऱ्या आपल्या काकूंना हे आलेख कुणी दाखवले तर बरं.

दातांबद्दल एकच सांगण्यासारखं. वीस दुधाचे दात, त्यातला पहिला सहाव्या वर्षाच्या आगेमागे पडतो, बहुधा खालचा पुढचा. त्याचं घरात केवढं कौतुक होतं, फोटो काढले जातात, फोन केले जातात. पण त्याच सुमाराला सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्या पलीकडे, चार कोपऱ्यांत चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी कुठलाही दात पडलेला नसतो, त्यामुळे त्या आलेल्या कुणाला कळतच नाहीत. कळल्या तरी "दुधाच्याच असतील, पडतील" म्हणून ब्रश तिथवर पोहोचत नाही. त्या कायमच्या असतात. पुढच्या दाताचा गाजावाजा चालू असताना मागे आयुष्यभराची दाढ निमूटपणे किडायला लागलेली असते. रात्रीचा ब्रश सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसानं एकदा स्वतः फिरवावा तो यासाठीच. बाकी सगळं मुलावर सोपवा म्हणणाऱ्या या लेखात एवढा एक अपवाद.

सरकारचं मोठेपण आणखी वेगळं. पाचव्या वर्षी निळं बाल आधार जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, पंधराव्या वर्षी पुन्हा. रेल्वेत पाच पूर्ण होईपर्यंत तिकीट नाही. पाच ते बाराच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं लागतं. दुचाकीवर चार वर्षांच्या पुढे हेल्मेट, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा आणि हेल्मेट दोन्ही, शिवाय वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. पुण्यात आईबापांच्या मधे सँडविच होऊन, पुढे दप्तर आणि मागे डबा अशी शाळेत जाणारी मुलं मोजायला बसलं तर तो पट्टा किती जणांना दिसेल हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता सायकल. मोठं होण्याच्या कामांत ही मला सगळ्यात आवडते, कारण इथे मोठ्यांना शेवटी हात सोडावाच लागतो, दुसरा इलाज नसतो. माप चाकाच्या इंचांत असतं: तीन वर्षांच्या आसपास १२ इंची, चार ते सहाला १४ किंवा १६, सहा ते नवाला २०, पुढे २४. हे आकडे दुकानातल्या पाटीसाठी. खरं माप मुलाच्या पायाच्या लांबीवर. शिकायच्या सायकलीवर सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत. इथेही "पुढच्या वर्षी चालेल" आडवं येतं. मोठ्या सायकलीवर मुलाचे चवडे जेमतेम टेकतात, ब्रेकपर्यंत बोटं पोहोचत नाहीत, आणि मग भीती बसते ती सायकलचीच. त्यात लहान मुलांच्या लोखंडी सायकली अंगानं जड. आठ-दहा किलोची सायकल आणि सतरा किलोचं मूल. आपल्या निम्म्या वजनाची वस्तू सावरत तोल शिकायचा म्हणजे काय, हे आपण कधी तीस किलोची सायकल चालवून बघावं.

बाजूची दोन छोटी चाकं लावून शिकवायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती उशीर करते. त्या चाकांवर मूल पायडल मारायला शिकतं, तोल शिकत नाही. दोन चाकांवरची सायकल सावरायची तर ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवावं लागतं आणि वळणावर अंग आत झुकवावं लागतं. छोटी चाकं सायकलला कलूच देत नाहीत, त्यामुळे वळणावर मूल बाहेरच्या बाजूला झुकायला लागतं. नंतर चाकं काढली की अंगात बसलेली ही उलटी सवय आधी मोडावी लागते. त्यापेक्षा पायडल काढावीत. बहुतेक सायकलींना १५ नंबरचा पाना लागतो. उजवं पायडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट्या दिशेनं सुटतं, डाव्याला उलटे आटे असतात आणि ते घड्याळाच्या दिशेनं फिरवावं लागतं. हे ठाऊक नसलेला माणूस डावं पायडल आणखी आणखी आवळत बसतो आणि शेवटी आटे घालवतो. लक्षात ठेवायला सोपं: पाना उभा, वर तोंड करून लावायचा आणि त्याचा दांडा मागच्या चाकाकडे ओढायचा, दोन्ही बाजूंनी पायडल सुटतं. सीट पार खाली उतरवायची. मग मूल नुसतं बसून चालतं, दोन दिवसांत ढांगा टाकायला लागतं, आणि एका संध्याकाळी दोन्ही पाय उचलून पंधरा-वीस फूट घसरत जातं. त्या वेळी काहीही बोलू नये. टाळ्या वाजवल्या की ते वळून बघतं आणि पडतं.

जागा सपाट हवी, किंवा अगदी हलक्या उताराची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फरशी गुळगुळीत असते, पण खांब असतात, आणि शिकणारं मूल ज्याच्याकडे बघतं तिकडेच जातं, म्हणजे खांबाकडे. बेसमेंटचा रॅम्प फार खडा, तिथे नकोच. शाळेचं मैदान सुटीच्या दिवशी मिळालं तर उत्तम. घसरणं जमलं की आधी ब्रेक शिकवायचा, पायडल नंतर. ब्रेकच्या दांड्यापाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो आणि लहान बोटं पोहोचतात. आपल्याकडे उजव्या हाताला बहुधा पुढचा ब्रेक असतो. घाबरून एकटा तोच करकचून दाबला तर मूल हँडलवरून पुढे जातं, म्हणून दोन्ही एकदम, हलके. मग पायडल परत लावायची, उजवं पायडल घड्याळात दोन वाजतात त्या जागी आणून ठेवायचं, आणि पहिला जोर तिथून. धरायचं असेल तर मुलाला धरावं, काखेखाली किंवा पाठीवर हलका हात. सीट किंवा हँडल धरून पळणारा बाप सगळा तोल स्वतःच सांभाळत असतो. मुलाला वाटतं सायकल आपण चालवतोय, सोडल्यावर ते धाडकन पडतं आणि "तुम्ही सोडलंत!" असा आरोप होतो, जो खरा असतो.

सायकल आली की पाठोपाठ रस्ता येतो, आणि इथे मात्र वाट बघण्याला पर्याय नाही. समोरून येणारी गाडी किती लांब आहे हे लहान मुलाला दिसतं, ती किती वेगानं येते आहे याचा अंदाज नऊ-दहा वर्षांपर्यंत नीट येत नाही. शहाणं मूल, हुशार मूल, यानं फरक पडत नाही. पाचशे वेळा समजावून सांगितलं तरी तो अंदाज वयाआधी येत नाही, म्हणून तोवर हात धरायचाच. धरायचा तो मनगटाला, बोटांना नव्हे. बोटं घामानं सुटतात. शिकवण मात्र आधीपासून चालू ठेवावी, आणि पुण्यात ती पुस्तकातल्यासारखी शिकवून चालत नाही. फर्ग्युसन रस्ता एकेरी आहे, जंगली महाराज रस्ता एकेरी आहे, पण दुचाकीवाल्यांना ते मान्य नाही. एकेरी रस्त्यावरही दोन्हीकडे बघायचं, दोनदा. उभ्या बसच्या पुढून ओलांडायचं नाही. फूटपाथवर आहोत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, तिथेही मागून हॉर्न येतो. मूल मोठं झालं की आपण त्याला एकटं सोडू, आणि ज्या गावात सोडू ते गाव मात्र आपण त्याच्यासाठी काहीच तयार केलेलं नाही, हे रस्ता ओलांडताना जितकं बोचतं तितकं दुसरीकडे कुठे बोचत नाही.

आजींचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. गणपतीतले देखावे बघून रात्री बाराच्या पुढे परत निघालेल्या माणसांत दर दहाव्या खांद्यावर एक झोपलेलं मूल असतं. झोपलेलं मूल जागेपणीपेक्षा जड लागतं. हाताला मुंग्या आलेल्या असतात, खांद्यावरचा कुर्ता लाळेनं ओला झालेला असतो, मागे ढोल चालूच असतो आणि त्या एवढ्या दणदणाटात ते मूल ज्या भरवशानं झोपलेलं असतं तो भरवसा पुढे कधी इतका सरळ अंगावर टाकला जात नाही. गाडी नदीपलीकडे लावलेली असते. अलका चौकापर्यंत येता येता बाप मनातल्या मनात म्हणतो की पुढच्या वर्षी हा चालत येईल. त्याच पावलांत त्यानं मुलाला आणखी जरा वर सरकवून घेतलेलं असतं. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एक खोडून दुसरं ठेवण्याची काही गरज नाही.

स्वयंपाकघरात वाट फार कमी बघावी लागते, तिथे काम सगळ्या वयांना पुरतं. तीन-चार वर्षांचं मूल मटार सोलतं. निम्मे तोंडात जातात, ते धरूनच सोलायला बसवावं. पाच-सहाला कोथिंबीर निवडता येते, कणकेचा गोळा मळता येतो. आठ-नऊला बोथट सुरीनं काकडी, केळं. सुरी धरलेल्या हातापेक्षा दुसऱ्या हाताकडे लक्ष हवं, बोटांची टोकं आत वळवलेली. दहाच्या पुढे गॅस, आणि कुकर लावणं त्याच्या एक पायरी पुढे, कारण त्यात पाहायच्या गोष्टी जास्त. वाटीभर तांदळाला दोन वाट्या पाणी हे कुणीही सांगतं. झाकणाची रिंग नीट बसली आहे का, शिट्टीखालची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का, कुकरच्या तळाशी पाणी घातलं का, आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, हे मात्र आपण इतके सवयीनं करतो की सांगायचंच विसरतो. तळात पाणी न घालता लावलेल्या कुकरचा जळका वास एकदा घरभर झाला की पुन्हा कुणाला सांगावं लागत नाही, पण तेवढा महागडा धडा टाळता आला तर टाळावा.

मग एक दिवस किल्लीचा प्रश्न येतो. किल्ली देण्याआधी कुलूप बाहेरून उघडायचा सराव करून घ्यावा, मोठं माणूस आत असताना. जुन्या इमारतींतली दारं पावसाळ्यात फुगतात आणि किल्ली फिरवताना दार अंगाकडे ओढून धरावं लागतं, हे घरातल्यांना माहीत असतं, मुलाला नसतं. जास्तीची किल्ली शेजारी. दोन फोन नंबर तोंडपाठ, मोबाइलमध्ये असून उपयोग नाही, आणि ११२ हा तिसरा. पहिल्यांदा एकटं ठेवायचं ते आपण खाली वाण्याकडे जाऊन येईपर्यंत, पंधरा मिनिटं. गॅसचा रेग्युलेटर बंद. दार वाजलं तर आतूनच विचारायचं, "आईबाबा अंघोळीला गेलेत" एवढं खोटं बोलायची मुभा द्यावी. जमलं की अर्धा तास, मग शाळेतून आल्यावर तासभर. परत आल्यावर "घाबरलास का?" असं विचारू नये, त्यानं नसलेली भीतीही सुचते. काय केलंस ते विचारावं. बहुतेक वेळा टीव्ही बघितलेला असतो.

या सगळ्या वाट बघण्यात ज्याचा मोबदला पहिल्यांदा रोख मिळतो, अशी पुण्यातली जागा सिंहगड. सुरुवात पर्वतीपासून करावी, १०३ पायऱ्या, चार वर्षांचं मूल आरामात चढतं आणि उतरताना उचलून घ्या म्हणतं. सहा-सातला पायथ्याच्या आतकरवाडीकडून गड. मोठ्या माणसाला तासाभराची, फार तर दीड तासाची वाट, मुलाला दोन तास धरावेत. उजाडता उजाडता चढायला लागावं, नऊनंतर त्या उघड्या टप्प्यांवर ऊन चटकतं. प्रत्येक मुलामागे एक लिटर पाणी, आणि ते त्याच्या पाठीवर, आपल्या नव्हे. तळ झिजलेले शाळेचे बूट घालून आणू नये. पावसात लाल मातीवर घसरतात ते उतरतानाच, म्हणून उतरताना मोठ्यानं मुलाच्या खाली राहावं. लिंबू सरबताच्या पहिल्याच टपरीवर थांबलं की पुढे प्रत्येक टपरीवर थांबावं लागतं, तेव्हा कुठली ते घरून ठरवून निघावं. पहिल्या खेपेला मूल "अजून किती राहिलं" हे प्रत्येक वळणावर विचारतं. दहा-अकराव्या वर्षी ते पुढे निघून जातं. तेव्हा एकच नियम सांगावा: जिथे वाट फुटते तिथे थांबायचं, मागचा माणूस दिसेपर्यंत. बाकी त्याचं त्याला जाऊ द्यावं. आपण पुणे दरवाजाशी धापा टाकत पोहोचतो तोवर त्यानं वर जाऊन जागा धरलेली असते, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही सांगून ठेवलेलं असतं, कांदा जास्तीचा मागितलेला असतो. पैसे अजून आपणच द्यायचे.